घर योग्य आहे

मोहितेबाई दुसऱ्यांच्या घरी पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. शाळकरी पोरांची असते तसली एक निळी वॉटरबॅग त्यांच्या खांद्याला कायम लटकलेली असे. वय पन्नाशीच्या आसपास, अंगावर इस्त्रीची कॉटन साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि वर ही वॉटरबॅग. पहिल्यांदा बघणाऱ्याला हसू आवरत नसे. मलाही आवरले नव्हते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिले ते आमच्या बडोद्यातल्या कारेलीबागच्या घरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. शेजारच्या काकूंबरोबर त्या आल्या होत्या. आईने वाण म्हणून स्टीलच्या वाट्या आणल्या होत्या आणि त्या वर्षी तिला काय हौस आली कोण जाणे, येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीची ती खणानारळाने ओटी भरत होती. मोहितेबाईंनी कुंकू लावून घेतले, तिळगूळ रुमालात बांधला, वाटीही घेतली. आईने नारळाचे तबक उचलल्यावर मात्र त्यांनी पदर छातीशी घट्ट धरला.

"ओटी नको, ताई."

"अहो, नको काय? सणाच्या दिवशी?"

"नको," त्या पुन्हा म्हणाल्या. कारण सांगितले नाही. मग आमच्याच सोफ्यावर बसून, आमचा सरबताचा पेला बाजूला सारून, त्यांनी स्वतःच्या वॉटरबॅगचे झाकण फिरवले आणि दोन घोट पाणी घेतले. आई आठवडाभर धुमसत होती. आमचे आजोबा संस्थानच्या दफ्तरखात्यात होते आणि आपल्या घरी आलेला माणूस तहानलेला परत गेला नाही, हे आई माणशी चारदा सांगत असे. "असेल मोठी सरकारी अधिकारी," ती म्हणाली, "म्हणून घरचं पाणी विटाळलं काय?"

त्यानंतर दोन वर्षांनी मी वकील झाले आणि मोफत कायदा मदतीच्या कामावर माझे नाव लागले. पहिल्याच आठवड्यात कोर्टाच्या व्हरांड्यात ती निळी वॉटरबॅग दिसली. मोहितेबाई परिवीक्षा अधिकारी होत्या. मुलींची, बायकांची खरेदी-विक्री होते, त्यांना फसवून धंद्याला लावतात, अशा प्रकरणांत काम करणाऱ्या. कायदा असा की छाप्यात सुटलेल्या मुलीला मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे. मॅजिस्ट्रेट तिला संरक्षणगृहात ठेवतात आणि तिच्या घराची चौकशी करायला सांगतात. परिवीक्षा अधिकारी तिच्या गावी जाऊन घर बघतात आणि अहवाल लिहितात. अहवालात 'घर योग्य आहे' असे आले की मुलगी आई-बापाच्या, नाहीतर पालकाच्या स्वाधीन. एवढ्या तीन शब्दांवर मुलीचे पुढले सगळे आयुष्य ठरते.

बाईंच्या सासरचे मोहिते म्हणजे संस्थानच्या फौजेतले. खापरपणजोबा घोड्यावर होते म्हणे. नवरा लहरीपुऱ्यात घड्याळे दुरुस्त करत असे. "घोड्यावरनं उतरले ते थेट घड्याळाच्या काट्यावर बसले," असे त्या नवऱ्यादेखत म्हणत आणि मोहितेकाका डोळ्याला लावलेले भिंग न काढता हसत. सुभानपुऱ्यात दोन खोल्यांचे घर. मूलबाळ नाही. त्यांची मराठी अस्सल बडोद्याची. एका वाक्यात दोनदा 'ना'च्या जागी 'ने' आणि दर चौथा शब्द गुजराती. साताऱ्याकडचे नातेवाईक लग्नाकार्यात त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचे. "त्यांच्यासाठी आपण गुजराती, इथल्यांसाठी मराठी," त्या म्हणायच्या. "आपलं म्हणणारं कोणीच नाही. वांधा नाही, आपण दोन्हीकडे पाहुणे."

घर बघण्याची त्यांची पद्धत कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. बाकीचे अधिकारी घराच्या खोल्या मोजत, रेशनकार्ड बघत, शेजाऱ्यांची सही घेत. मोहितेबाई दारात उभ्या राहून एकच मागणी करत. "मुलीच्या वस्तू दाखवा." तिचा कंगवा, तिची चादर, शाळेची वही, जुनी चप्पल, काहीही. मी पुढे अनेकदा त्यांच्याबरोबर गेले आहे. या मागणीपुढे घरे कशी उघडी पडतात ते मी पाहिले आहे. एका आईने पेटीतून पोरीची लाल रिबीन काढली होती, तिला अजून तेलाचा वास होता. आणि त्याच्याही आधी, मी बरोबर नसताना, एका घरी दारात हमसून रडणारा बाप बाईंनी वस्तू मागितल्याबरोबर गप्प झाला.

त्याच बापावरून आमचे पहिले भांडण झाले. मी त्या मुलीची वकील होते. महिनाभर संरक्षणगृहाच्या गजांआड बसून ती रोज मला विचारायची, "घरी कधी?" बाप कोर्टात येऊन माझ्या पाया पडला होता. मला वाटले, यापेक्षा सोपे प्रकरण नसेल. आणि मोहितेबाईंनी अहवालात लिहिले, घर योग्य नाही. मी पार्किंगमध्ये त्यांना गाठले आणि नको नको ते बोलले. तुम्हाला कुणाच्या घरचे पाणी चालत नाही, माणसे चालत नाहीत, तुम्ही पोरीला तिच्या बापापासून तोडताय, असे काहीतरी. माझ्या नाकावर तेव्हा राग असायचा. आताही असतो म्हणा.

त्यांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग माझ्या स्कूटीला टेकून म्हणाल्या, "तिची खाट विकून टाकली बापाने. तिचे कपडे वहिनीच्या अंगावर आहेत. तिच्या नावाचं घरात एक फडकं नाही, बेटा. परत येणाऱ्या माणसाची एखादी वस्तू तरी ठेवतात ने?"

मी स्कूटीची किल्ली पर्समध्ये टाकली.

"आणि ती तुला 'घरी कधी' विचारते," त्या पुढे म्हणाल्या, "तेव्हा तू तिला विचारलंस का, कोणत्या घरी? मी विचारलं. ती आजोळचं नाव घेते."

पुढे मुलगी आजोळी गेली आणि नीट राहिली. पण ती गोष्ट इथे सांगायची नाही. सांगायचे आहे ते त्या दिवशी पार्किंगमध्ये बाईंनी मला जे सांगितले ते. मी विचारले होते, "तुम्हाला कसं सुचतं हे?" माझा प्रश्न कौतुकाचा होता. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"सुचलं नाही तेव्हाचं सांगते," त्या म्हणाल्या.

त्याच्या तीन वर्षे आधीची गोष्ट. बडोद्यातल्या एका फ्लॅटमधून काही मुली सुटल्या, त्यातली एक खानदेशातली होती. एकोणीस वर्षांची. तिचे खरे नाव मी लिहिणार नाही. कायदा लिहू देत नाही आणि बाईंनीही लिहू दिले नसते. मी तिला सरू म्हणते. सरूला आई-बाप नव्हते, मावशीने सांभाळले होते. घराच्या चौकशीला निघण्यापूर्वी बाई तिला भेटल्या, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "तिथे नको." का नको, ते सांगेना. खोदून विचारले तर जमिनीकडे बघे. बाईंना वाटले, पोरीला लाज वाटतेय. गावात तोंड कसे दाखवू, असे वाटत असेल. असे बहुतेक मुलींना वाटतेच.

तापीकाठच्या त्या गावी बाई पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. मावशीने पायावर पाणी घातले. भाकरी, वांग्याचे भरीत वाढले. "ताई, तुम्ही बडोद्याच्या असल्या तरी आपल्याच. माहेरी आल्यासारखं राहा," म्हणाली. निघताना बाईंना पाटावर बसवले आणि ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. पदर पसरून घ्यायला लावला.

"माझी आई मी लहान असताना गेली," मोहितेबाई मला सांगत होत्या. पार्किंगमध्ये स्कूटर, रिक्षा, माणसांची ये-जा चालली होती आणि त्या हलक्या आवाजात बोलत होत्या. "भाऊ नाही, भावजय नाही. लग्न झाल्यापासून माहेरची ओटी म्हणून कोणी भरली नव्हती माझी. सव्वीस वर्षं. त्या बाईने भरली आणि मी रडले, बेटा. तिच्या पाटावर बसून रडले. मग अशा घराविरुद्ध लिहिते कशी? मुलीची एक वस्तू बघायला मागितली नाही. बसमध्येच अहवाल लिहून काढला. घर स्वच्छ, कुटुंब संस्कारी, मावशी आईसारखी. घर योग्य आहे."

सरूला मावशीच्या ताब्यात दिले. ती जाताना बाईंकडे बघत राहिली होती. काही बोलली नाही. दोन-अडीच महिन्यांनी बाई त्याच बाजूला दुसऱ्या कामाला गेल्या होत्या, म्हणून सहज त्या घरी डोकावल्या. सरू नव्हती. मावशी म्हणाली, कामाला गेली मोठ्या शहरात. कोणत्या, ते सांगता येईना तिला. शेजारणीने कुंपणाआडून सांगितले, पहिल्या वेळीसुद्धा मावशीनेच पाठवली होती.

"पोरीने मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "'तिथे नको' म्हणजे आणखी काय सांगायचं असतं? मला कारण हवं होतं."

पोलिसांत तक्रार झाली, मावशीला चौकशीला बोलावले, पण सरू मिळाली नाही. तेव्हापासून बाईंनी परक्या घरचे पाणी सोडले ते कायमचे. माझ्या आईला मी हे सांगितले. नंतर ती हळदीकुंकवाला बाईंना बोलवायची ती नुसते कुंकू लावायला आणि त्यांच्या वॉटरबॅगेत माठातले थंड पाणी भरून द्यायला. ते त्या घेत. एवढाच अपवाद.

त्यानंतर बाईंनी स्वतःचा एक नियम केला. मुलगी घरी सोपवली की महिन्या-दोन महिन्यांनी, न कळवता, पुन्हा जाऊन यायचे. रजा टाकून जायच्या. एका साहेबांनी हटकले, "मोहितेबेन, कायद्यात असं कुठे लिहिलंय?" बाई म्हणाल्या, "नाही लिहिलं, साहेब. पण जाऊ नका असंही नाही लिहिलं ने?" साहेबांनी पुन्हा नाव काढले नाही. आणि शहरात कुठेही छापा पडला, मुली सुटल्या, की त्या दिवशी बाई संरक्षणगृहाच्या दारात हजर. प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा बघायच्या. मग कामाला लागायच्या. काय बघतात ते आम्हाला ठाऊक होते. कुणी विचारत नसे.

त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास एक नवीन कायदा येणार अशी बातमी आली. माणसांची खरेदी-विक्री थांबवायची, सुटलेल्यांची काळजी घ्यायची, त्यांचे पुनर्वसन करायचे, असा मसुदा सरकारने लोकांपुढे ठेवला होता आणि सूचना मागवल्या होत्या. मुदत थोड्याच दिवसांची होती. बाई मसुद्याची प्रत घेऊन माझ्या कचेरीत आल्या. समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा. शिक्षा किती वर्षांची, जप्ती कशाची, समित्या कोणत्या, यावर त्यांना फारसे काही म्हणायचे नव्हते. "हे मोठे लोक बघतील," त्या म्हणाल्या. "माझी दोन वाक्यं घाल फक्त."

पहिले वाक्य असे: मुलीला घरी सोपवल्यावर तीन महिन्यांच्या आत, न कळवता, अधिकाऱ्याने तिथे पुन्हा भेट द्यावी. दुसरे: मुलगी घरी जायला 'नको' म्हणाली तर तिला कारण विचारू नये.

दुसऱ्या वाक्यावर मी अडले. म्हटले, "बाई, कायदा असा चालत नाही. कोर्टाला कारण लागतंच. कारणाशिवाय आदेश कसा लिहिणार?"

"मग तुम्ही शोधा कारण. ते तुमचं काम. तिच्याकडून कशाला वदवून घेता? ज्या घरात अन्न खाल्लं त्याचं नाव घेऊन सांगायला तिची जीभ उचलत नाही. माझी तरी कुठे उचलली होती?"

मी ती दोन्ही वाक्ये इंग्रजीत घालून पाठवली. आभार मानणारे ठरावीक उत्तर आपोआप आले. बाईंनी ते माझ्याकडून छापून घेतले आणि घडी घालून पर्समध्ये ठेवले. मसुदा पुढे संसदेत आलाच नाही. पण दर अधिवेशनाच्या सुरुवातीला त्यांचा फोन यायचा. "वकीलबाई, या खेपेला आहे का ग यादीत?" मी अधिवेशनात येणाऱ्या विधेयकांची यादी बघायचे आणि सांगायचे, नाही. "वांधा नाही," त्या म्हणायच्या. "पुढच्या खेपेला." खरे सांगायचे तर दोन-तीनदा मी यादी न बघताच नाही म्हटले आहे. मला कंटाळा आला होता. आज त्याची लाज वाटते.

आणि मग गेल्या वर्षी सुरतेहून एका वकील मैत्रिणीचा फोन आला. तिथे काही बायका सुटल्या होत्या. त्यातली एक म्हणत होती की फार पूर्वी तिला बडोद्यातूनही असेच सोडवले होते. तिची मावशी ताबा मागायला कोर्टात हजर झाली होती आणि मावशीच्या वकिलाने म्हटले होते, बडोद्याच्या कोर्टात जुना अहवाल आहे, तो मागवा. या घराची सरकारी अधिकाऱ्याने आधीच तपासणी केलेली आहे. मैत्रिणीला त्या अहवालाची नक्कल हवी होती.

रेकॉर्ड रूममध्ये मला ती फाइल दोन तासांत मिळाली. पिवळा पडलेला गुजरातीतला कागद, खाली मोहितेबाईंची ठळक, गोल सही. घर स्वच्छ. कुटुंब संस्कारी व प्रेमळ. मावशी मुलीवर आईप्रमाणे माया करते. घर योग्य आहे. बाई इतकी वर्षे सरूला शोधत होत्या आणि सरू सापडली ती अशी, त्यांचाच कागद तिला पुन्हा त्या घरात ढकलत असताना.

सांगू की नको, या विचारात मी सुभानपुऱ्याला दोन फेऱ्या मारून दारातून परत आले. तिसऱ्यांदा बाईंनीच खिडकीतून हाक मारली. कागद वाचून झाल्यावर त्यांनी तो मोहितेकाकांकडे दिला. काकांनी भिंग लावून वाचला. मग म्हणाले, "सुरतेची गाडी सकाळी आहे."

बाईंच्या जुन्या कचेरीतल्या एकाने फोन करून समजावले. अहवाल खोटा होता असे कोर्टात म्हणालात तर खात्याची चौकशी लागेल, निवृत्त झाला आहात, सुखाने बसा, तिथले अधिकारी नवा अहवाल देतील ने. बाईंनी विचारले, "नवा अधिकारी त्या घरी जाईल. त्याला तिथे जेवायला वाढतील. पुढे?" समोरच्याने फोन ठेवला. त्या उन्हाळ्यात बाई खूप वाळल्या होत्या. पोटात दुखते, एवढेच म्हणत. आम्हीही त्यावर समाधान मानले.

सुनावणीआधी आम्ही संरक्षणगृहात सरूला भेटायला गेलो. गाडीत बाई पुटपुटत होत्या. ऐकले तर त्या माफीची वाक्ये पाठ करत होत्या. एकदा म्हणायच्या, एकदा बदलायच्या. भेटीच्या खोलीत सरूला आणले. अठ्ठावीस वर्षांची बाई, पण चाळिशीची दिसत होती. केस मागे घट्ट बांधलेले, एका भुवईवर जुना व्रण. तिने बाईंना दारातूनच ओळखले. ती थबकली, दोन पावले मागे सरकली आणि तिने बरोबरच्या कर्मचारी बाईचा दंड पकडला.

"पुन्हा घरी पाठवायला आलात का?" ती म्हणाली.

पाठ केलेले एकही वाक्य बाईंच्या तोंडातून बाहेर पडले नाही. त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. नाही, नाही, नाही. शेवटी म्हणाल्या, "या वेळेला नको म्हणायला आलेय." सरूचा विश्वास बसलेला दिसला नाही. का बसावा? ती आत निघून गेली. बाई त्या खोलीतल्या बाकावर बसून राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी काढून टाकला.

सुनावणी बंद दाराआड झाली. मॅजिस्ट्रेट एक तरुण गुजराती बाई होत्या. मावशी एका बाजूला पांढरा पदर डोक्यावर घेऊन बसली होती. म्हातारी झाली होती, हात जोडून होती. बाईंना बघून ती ओळखीचे हसली.

"या घरात तुम्ही काय काय पाहिलं होतं?" मॅजिस्ट्रेटनी विचारले.

"काही नाही, मॅडम. मी काहीच पाहिलं नाही. मी जेवले आणि ओटी भरून घेतली."

"म्हणजे काय?"

"आमच्यात सवाष्णीच्या पदरात नारळ-तांदूळ घालतात. ते माहेर देतं. घेतलं की त्या घराविरुद्ध बोलवत नाही. मला बोलवलं नाही. मुलीने मला आधीच सांगितलं होतं, तिथे नको म्हणून. ते मी अहवालात लिहिलं नाही. हा कागद खोटा आहे. त्याच्यावर माझी सही आहे आणि तो खोटा आहे, असं लिहून घ्या."

मावशीचा वकील उठून म्हणाला, साक्षीदार भावनेच्या भरात बोलताहेत. बाई त्याच्याकडे वळल्या. "भावनेच्या भरात मी तेव्हा होते, भाई. आज नाही."

मॅजिस्ट्रेटनी शब्दन् शब्द लिहून घेतला. सरू कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. सबंध वेळ तिची नजर जमिनीवर होती. बाई पिंजऱ्यातून उतरल्या तेव्हा तिच्यासमोरून गेल्या. क्षणभर थांबल्या. तिने वर पाहिले नाही. परतीच्या गाडीत बाई खिडकीशी बसल्या. भरूच मागे पडले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "बराबर आहे तिचं."

निकाल यायला पाच आठवडे लागले. तोवर बाईंच्या पोटदुखीचे नाव कळले होते आणि डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगायचे ते सांगितले होते. आदेश मावशीच्या विरुद्ध गेला. सरू सज्ञान आहे, तिला त्या घरी जायचे नाही, तिला तिच्या इच्छेने कुठेही जाता येईल, असे त्यात होते. मैत्रिणीने फोनवर वाचून दाखवला तेव्हा मी कचेरीत एकटीच मोठ्याने रडले. सरू दुसऱ्याच दिवशी संरक्षणगृहातून बाहेर पडली. कुठे गेली, ते ठाऊक नव्हते. पत्ता दिला नव्हता. जाताना तिने अधीक्षिकांना एकच गोष्ट बजावली होती. मी कुठे जातेय ते कुणाला सांगू नका. मावशीला नको. आणि त्या बडोद्याच्या बाईंना तर अजिबात नको.

मी ते सांगायला दुपारी सुभानपुऱ्याला गेले. बाई पलंगावर होत्या. उशीला टेकून बसवलेल्या, हात काडीसारखे. काका पायाशी बसून होते. मी आदेशाचे सांगितले. त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात एकदा छातीवर जोडले. मग विचारले, "गेली कुठे?"

"सांगून नाही गेली."

"छान केलं." थोडा दम घेऊन त्यांनी विचारले, "माझ्याबद्दल काही म्हणाली का ग?"

रस्ताभर मी याच प्रश्नाचे उत्तर जुळवत आले होते. मी वकील आहे, मला शब्द जुळवता येतात. आणि समोर एक मरायला टेकलेली बाई होती, जिने स्वतःसाठी माझ्याकडे कधी काही मागितले नव्हते. मी म्हटले, "हो. म्हणाली, बाईंना माझा नमस्कार सांगा. बाईंमुळे सुटले."

बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली नाही, पण मला काही साधले नसावे. कारण त्यांच्या ओठांवर किंचित हसू आले, आणि त्यांनी माझ्या हातावर त्यांचा हात ठेवला.

"घर छान आहे, कुटुंब प्रेमळ आहे," त्या म्हणाल्या. "खोटा रिपोर्ट नको देऊस, बेटा. काय म्हणाली ते सांग."

मग मी सांगितले. जसे होते तसे, शेवटच्या शब्दापर्यंत. काका उठून खिडकीशी गेले. बाईंनी सगळे ऐकून घेतले, पहिल्या भांडणाच्या दिवशी माझे ऐकून घेतले होते तसे. डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

"कारण नाही ने विचारलं कोणी तिला?" त्यांनी विचारले.

"नाही, बाई," मी म्हटले. "कोणी नाही विचारलं."

हे मात्र खरे होते.